दोन रुपये, खराटा आणि गल्लीतले काका

गावभागकर | सोमवार, रात्री ९:४०

सकाळी सहाला दूध आणायला गल्लीतल्या दुकानात गेलो. अर्ध्या लिटरची पिशवी, छापील किंमत २९. काका म्हणाले, "एकतीस दे." म्हटलं, काका, पिशवीवर एकोणतीस लिहिलंय. तर म्हणे, "फ्रीजचं बिल पिशवीवर लिहितात काय रे?" खिशात सुटे होते. मोजून एकोणतीस काउंटरवर ठेवले आणि निघालो. मागून "दोन राहिले की!" ऐकू आलं. वळलो नाही.

दोन रुपयांनी मी भिकेला लागत नाही आणि काकांचाही त्यात बंगला होत नाही. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. या दुकानात मी चड्डीत असल्यापासून जातोय. आई चिठ्ठी लिहून द्यायची, काका सामान काढून ठेवायचे आणि निघताना हातावर चार शेंगदाणे टेकवायचे. तोच माणूस आता दोन रुपये जास्त मागतो आणि वर मलाच खुळ्यात काढतो.

मग जुनं वर आलं. २०१९. आमच्या सांगलीत सगळ्या गोष्टी पुराच्या आधीच्या नाहीतर पुरानंतरच्या असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावर पंख्याची पाती बुडाली होती. पाणी उतरल्यावर घरात नुसता गाळ आणि तो वास, ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. खराटा पाहिजे होता. हरभट रोड, मारुती रोड, सगळी दुकानं स्वतःच गाळात. विश्रामबागच्या बाजूला एका दुकानात मिळाला. पुराआधी ४० ला मिळणारा खराटा १५० ला. फिनेलच्या बाटलीवरची किंमत नखानं खरवडलेली. बाबांनी एक शब्द न बोलता पैसे दिले. मागं पंधरा-वीस माणसं रांगेत, सगळ्यांच्या पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. त्या दुकानदाराचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे, कारण तो अजिबात लबाड दिसत नव्हता. रोजच्यासारखा "अजून काय देऊ?" विचारत होता.

कोट्यवधींच्या घोटाळ्यांवर आपण इथं पानंच्या पानं लिहितो. ही शेजारची, ओळखीची, रोज सकाळी भेटणारी लबाडी, हिचं काय करायचं? आपापले अनुभव लिहा. राजकारण नको.

---

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ९:५२

पहिला!

भडंगाच्या पुड्यातल्या हवेचे पैसे आपण बिनबोभाट देतो. मग फ्रीजमधल्या गारव्याचे दोन रुपये द्यायला काय होतंय? हलके घ्या.

---

नियमावर बोट | सोमवार, रात्री १०:३०

फ्रीजचे वेगळे पैसे असा कुठला प्रकार कायद्यात नाही. वजनमापांचा कायदा, म्हणजे वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ चा आणि वेष्टनातल्या वस्तूंचे नियम २०११ चे. छापील किंमत सगळे कर धरूनच असते आणि किरकोळ विक्रेत्याला तिच्यावर एक पैसा घेता येत नाही. मग ते दूध असो, पाण्याची बाटली असो, नाहीतर कोल्ड्रिंक. किंमत खरवडणं किंवा वर चिठ्ठी डकवून वाढवणं हाही गुन्हाच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयातही करता येते.

आता खराट्याचं. तिथं तुम्ही अडकलात. खराटा सुटा माल, त्याच्यावर किंमत छापलेली नसते, त्यामुळे १५० काय नि ३०० काय. सरकार मध्ये पडतं ते जीवनावश्यक वस्तू कायद्यातून (१९५५), तेही एखादी वस्तू त्या यादीत घातली तरच. २०२० ला मार्चच्या १३ तारखेला मास्क आणि सॅनिटायझर यादीत घातले, आठवड्यानं दर बांधून दिले: तीन पदरी मास्क १०, दोन पदरी ८, सॅनिटायझर २०० मिलीला १००. त्याआधी आमच्या चौकात तोच मास्क ४० ला जात होता. खराट्यासाठी कुणी अधिसूचना काढत नाही.

काट्याबद्दलही सांगतो, कारण किमतीपेक्षा मापात जास्त जातं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला पाहिजे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवावंच लागतं. शंका आली तर "मापून दाखवा" म्हणायचा हक्क आहे, पैसे पडत नाहीत.

हे सगळं पाठ असूनही मी आयुष्यात तक्रार केली ती एकदाच. बेकरीवाल्याची. निरीक्षक आले तीन महिन्यांनी. तेव्हापासून पावासाठी मला पुढच्या चौकात जावं लागतं.

---

साताऱ्याची लेक | सोमवार, रात्री ११:०५

माहेर सातारा, सासर सांगली, म्हणून मला दोन्हीकडच्या नावानं बोलायचा परवाना आहे.

गेल्या दिवाळीला साताऱ्यातून एक किलो कंदी पेढे आणले. दुकानाचं नाव सांगणार नाही, नावाजलेलं आहे. त्यानं आधी खोकं काट्यावर ठेवलं, मग पेढे भरले, आकडा १००० झाला की थांबला. मी म्हटलं, दादा, खोक्याचं वजन वजा करा ना. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जसं मी त्याच्या आईबद्दल काही बोलले. घरी येऊन रिकामं खोकं काट्यावर टाकलं, ७० ग्रॅम. म्हणजे पुठ्ठा मी पेढ्याच्या भावानं आणला. काट्यावर शून्य करायचं बटण असतं, दाबायला अर्धा सेकंद लागतो. मिठाईवाले ते बटण फक्त ओळखीच्या माणसासमोर दाबतात, किंवा जो बोलतो त्याच्यासमोर. शंभरात बोलतात किती? नव्वद जण लाजतात. धंदा त्या लाजेवर चालतो.

वाई-पाचगणी रस्त्यावरची स्ट्रॉबेरी सगळ्यांना माहीतच आहे. वरचा थर लग्नात नटवून उभा केल्यासारखा. खालचा थर घरी गेल्यावर दिसतो. पाहुणे पुण्याला पोचलेले असतात, परत कोण येतंय भांडायला? मी एकदा सगळ्यांसमोर बॉक्स उलटा करून बघितला तर विक्रेती म्हणाली, "ताई, तुम्ही पण लेकीला दाखवताना फाटकी साडी नेसवत नाही की." यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि लॉकडाऊनचं ऐका. आमच्या आज्जीला मशेरी लागते. पान-तंबाखूची दुकानं बंद. दहाची तंबाखूची पुडी गल्लीतला पोरगा साठला आणून द्यायचा. आज्जी त्याला रोज शिव्या घालायची आणि रोज पैसे द्यायची. पोरगा शिव्या ऐकून हसायचा. पुढं आज्जी आजारी पडली तेव्हा रात्री दोनला तोच रिक्षा घेऊन आला आणि भाडं घेतलं नाही. आता याला कुठल्या कप्प्यात घालू?

---

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ६:१५

तासगावकडचा आहे मी. तुम्ही दोन रुपयांचं काय घेऊन बसलाय.

आमच्याकडं उलटा खेळ असतो, भाव वाढवत नाहीत, पाडतात. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, मणी तोंडात टाकतो, चार किलोच्या पेटीला दर ठरतो, इसार देतो. कागद नाही, शब्दावर. मग फेब्रुवारी-मार्चला आभाळ येतं. एवढंच व्हायला पाहिजे. त्याच दिवशी फोन. "मालात साखर उतरली नाही ओ", "मण्याला फूग नाही", "पुढचं मार्केट बसलंय". दर पाडून मागतो. त्याला ठाऊक असतं की पाऊस पडला तर मणी तडकणार आणि आपल्याला झाडावर माल ठेवता येणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. निम्मा माल तोडून झाल्यावर दर पाडणारे पण आहेत. आणि जे माल नेऊन फोन बंद करून पसार होतात त्यांची तर गोष्टच वेगळी. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात हे होतंय, पोलिसात कागद जातात, पैसा जातो तो जातोच.

माल बेदाण्याला टाकला तरी सुटका नाही. सौद्याला बॉक्स फोडायचा, मूठमूठ उधळून बघायचा. जमिनीवर सांडलेला तो बेदाणा कुणाचा? शेतकऱ्याचा. वजनातनं गेलेला कुणाचा? शेतकऱ्याचा. झाडून गोळा केलेला कुणाचा? ते विचारू नका.

खताचं सांगतो. युरियाची ४५ किलोची पिशवी, छापील २६६ रुपये ५० पैसे. सीझनला त्याच दरानं देतात, एक रुपया जास्त नाही! कायदा पाळतात. फक्त पिशवीबरोबर तीनशे-चारशेची एक बाटली घ्यायची. घेतली नाही तर "युरिया संपला बघा", आणि मागं गोडाऊनात थप्पी दिसत असते. याला लिंकिंग म्हणतात. नियमावर बोट साहेब, पावतीवर दोन्ही वेगवेगळं आणि छापील दरात. सांगा, कुठल्या कलमात बसवताय?

उसाचं तर लिहीत नाही. काटा कारखान्याचा, आकडा कारखान्याचा. बाहेरच्या काट्यावर वजन करून गाडी नेली की "तुमचा विश्वास नाही का?" वर तोडणाऱ्या टोळीला खुशाली म्हणून, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री म्हणून वरचे पैसे. नाही दिले तर ऊस वाळतोय फडात.

---

मागणीपुरवठा | मंगळवार, सकाळी ११:२०

अलोकप्रिय मत मांडतो.

खराटा १५० ला होता म्हणून तुम्हाला मिळाला. ४० ला ठेवला असता तर पहिल्या चार गिऱ्हाइकांनी दहा-दहा उचलले असते आणि विसाव्याला दुकान रिकामं दिसलं असतं. त्या आठवड्यात कोल्हापूरच्या बाजूनं महामार्ग बंद, पुण्याकडून येणारा टेम्पो मागेल ते भाडं घेत होता. भाव चढला की माल त्या गावाकडं धावतो. हे कुणाला लुटणं नाही, हा बाजाराचा निरोप आहे.

---

मिरजवाली | मंगळवार, दुपारी १२:४५

बाजाराचा निरोप म्हणे!

त्याच आठवड्यात आमच्या मिरजेत घरोघरी पोळ्या लाटत होत्या. गल्लीतून डबे गोळा करून सांगलीला जायचे. भाजीवाल्यांनी पाट्याच्या पाट्या उचलून दिल्या, कुणी भाव विचारला नाही. आमच्या दूधवाल्यानं निवारा केंद्रात दोन दिवस दूध फुकट ओतलं. भाव न चढताही माल सांगलीकडं धावला की. तो कुणाच्या निरोपावर?

दहा-दहा खराटे कोण उचलणार होतं? प्रत्येकाला एक, असं सांगता येत नाही? रेशनला आपण तेच करतो ना.

---

मागणीपुरवठा | मंगळवार, दुपारी १:१०

दानावर दोन दिवस निघतात ताई, दोन महिने नाही. पण "प्रत्येकाला एक" हा मुद्दा मान्य. तो दुकानदार तसं करू शकला असता.

(फिनेलच्या बाटलीची किंमत खरवडण्याचं समर्थन मी केलेलं नाही, ते वाचावं. ती चोरीच.)

---

व्यवस्थापक | मंगळवार, दुपारी ३:००

व्यापारी अमुक समाजाचेच का, या वळणाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा तसं दिसलं तर धागा बंद होईल. चर्चा लबाडीवर ठेवा, आडनावांवर नको.

---

वखार | मंगळवार, रात्री १०:५०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो. मी गणपती पेठेत, किराणा घाऊक आणि थोडं किरकोळ. तिसरी पिढी. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर बोलताय तो मीच.

आधी दुधाचं. अर्ध्या लिटरमागं किरकोळ दुकानदाराला सुटतो रुपया-दीड रुपया. एक पिशवी फुटली की वीस पिशव्यांचा नफा मोरीत. पहाटे पाचला उठायचं, क्रेट उतरून घ्यायचे, फ्रीज चोवीस तास चालू. दूध कुणी नफ्यासाठी ठेवत नाही, दुधाला आलेलं गिऱ्हाईक चहा-साखर नेतं म्हणून ठेवतात. आता तेच गिऱ्हाईक चहा-साखर मोबाइलवरून मागवतं आणि आमच्याकडं फक्त दुधाला येतं. दोन रुपये चूकच आहेत, मी घेत नाही. पण ते कुठून येतात ते मला दिसतं.

आता आमच्या धंद्यातली खरी लबाडी सांगतो, जी तुम्ही कुणी पकडली नाही. तेलाचा भाव रात्री वाढला की सकाळी दुकानातला जुना डबा नव्या भावानं. गिऱ्हाईक म्हणतं, हा तर तुम्ही जुन्या दरात भरला. आम्ही म्हणतो, उद्या भरताना नव्या दरानंच भरायचा आहे, पैसा तेवढा लागणार. हे हिशेबाला धरून आहे, खोटं नाही. पण भाव उतरला की? तेव्हा आम्ही म्हणतो, "जुना स्टॉक आहे, महाग भरलाय." चढताना उद्याचा हिशेब, उतरताना कालचा. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ चे ५ टक्के झाले. त्या आठवड्यात पेठेतलं प्रत्येक दुकान जुन्या स्टॉकनं खचाखच भरलं होतं. माझंही. चार दिवसांनी बायको म्हणाली, "आपल्या घरात टूथपेस्ट कुठल्या दरानं आणायची?" मग दर बदलले.

खराटेवाला कोण ते माहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर ४० चा ६० ला विकला असता असं वाटतं. पण हे मी आज पंख्याखाली बसून लिहितोय. तेव्हा माझं दुकान पाण्यात होतं, त्यामुळे माझी परीक्षाच झाली नाही.

आता दुसरी बाजू, जी इथं कुणी लिहिली नाही म्हणून मी लॉगिन झालो.

पेठेत पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही साखर वर चढवली, डाळी चढवल्या, जेवढं हातानं झालं तेवढं. उधारीची वही गल्ल्याखालच्या कप्प्यात राहिली. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा ती वही म्हणजे लगदा होता. बॉलपेनचं काही वाचता येत होतं, शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी. ११२ खाती. महिन्याच्या सुरुवातीला पूर आला, म्हणजे जुलैची सगळी बाकी उभी होती, लोकांचे पगार व्हायचे होते.

मी कुणाकडं मागायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? त्यांचीही घरं बुडालेली. शहरात सरकारनं कुटुंबाला १५ हजार दिले, त्यात गॅस, गाद्या, पोरांची दप्तरं. म्हटलं, ज्याला आठवेल तो येईल.

आपणहून आले ३१. त्यात एक म्हातारी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत सामानाची चिठ्ठी जपून आणलेली, ४७० रुपये. "तुझी वही भिजली, माझी चिठ्ठी कोरडी हाय," म्हणाली. एक हमाल आला, म्हणाला पैसे नाहीत, आठ दिवस गाळ काढतो. काढला. राहिलेल्या ८१ जणांत बुडालेले असतील, गाव सोडून गेलेले असतील, मान्य. पण त्यात दोन प्राध्यापक होते, एक बँकेतले होते, ज्यांची घरं विश्रामबागेत कोरडी होती. एक सर दोन महिन्यांनी साखर न्यायला आले, रोखीनं. मी फक्त म्हटलं, सर, जुलैचं जरा बघायचं होतं. म्हणाले, "माझं तर जुलैतच मिटलं होतं." त्यांच्या चिठ्ठीवर शेवटी एक किलो गूळ वाढवलेला मला आठवतो, अक्षर माझंच.

माझ्या चुलतभावाचं कापडाचं दुकान. भिजलेल्या साड्या धुऊन, वाळवून सेल लावला, हजाराची साडी दोनशेला. चांगल्या घरातल्या बायका मोटारीतून यायच्या आणि म्हणायच्या, "पुरातली आहे, शंभरला द्या." गरजवंत तो होता, तेव्हा भाव पाडणारे तुम्ही होता.

मापात पाप आमच्याकडं आहे, नाही कुठं म्हणतोय. पण उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ते रितं कोण करतं तेही लिहा.

---

नियमावर बोट | मंगळवार, रात्री ११:१५

वखार, दंडवत. एकच तांत्रिक मुद्दा होता, तो उद्या लिहितो. आज नको.

---

भडंगप्रेमी | मंगळवार, रात्री ११:२२

माझा विनोद मागे घेतो.

---

जुना आणा | बुधवार, सकाळी ७:३०

माझं वय ७७. नातू टंकून देतो आहे, शुद्धलेखन त्याचं.

आमच्या लहानपणी वजन नव्हतं, माप होतं. शेर, अधोली, पायली. धान्य मोजणारा पहिलं माप टाकताना "एक" म्हणायचा नाही, "लाभ" म्हणायचा. लाभ, दोन, तीन असं. कडेला उभं राहिलेल्या नवख्याचा तिथंच घोटाळा व्हायचा. मापाला आतून पोचा असला की मूठभर धान्य वाचलं. वडील माप उलटं करून तळ बघायचे, मगच मोजू द्यायचे. विकणारा रागवायचा नाही. उलट न बघणाऱ्याला हसायचा.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे, आता शंभर नवे पैसे, म्हणजे आण्याला सव्वासहा. पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून सरकारी कोष्टक आलं: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. दुकानात भिंतीवर लावलेलं असायचं. दुकानदार तीन आण्यांचा माल घ्यायला लावायचा, एकोणीस मिळतात म्हणून. थोरल्या भावानं कोष्टक पाठ केलं. तो मला तीन वेळा एकेक आण्याची साखर आणायला पाठवायचा, अठराच पैशांत. वाचलेल्या पैशाचं काय केलं ते नातवाला सांगितलं नाही.

तेव्हाचे व्यापारी फार सरळ होते असं माझ्या वयाची माणसं सांगतात. आमच्या पेठेत तरी नव्हते. आम्हीही नव्हतो.

---

द्राक्षबाग | बुधवार, दुपारी २:०५

वखारशेठ, तुमचा प्रतिसाद बांधावर बसून दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांमागं व्यापारी दर पाडायला लागला म्हणून मी पण क्रेटच्या तळाला नरम घड दडवले होते. वर चांगले. स्ट्रॉबेरीवालीसारखंच. त्यानं मुंबईत उघडल्यावर शिव्या घातल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत.

युरियाचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

---

नियमावर बोट | बुधवार, दुपारी ४:४०

दिलं असतं. लिंकिंग बेकायदेशीरच आहे, जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडं लेखी तक्रार करता येते. पण दुकानदार म्हणणार, शेतकऱ्यानं बाटली राजीखुशीनं घेतली. "बाटली घेतली नाही म्हणून खत नाकारलं" हे दाखवायला साक्षीदार लागेल, आणि साक्षीदाराला पुढच्या हंगामात त्याच दुकानातून युरिया घ्यायचा असतो. माझ्या बेकरीसारखंच.

---

साताऱ्याची लेक | बुधवार, सायंकाळी ६:२०

कबुलीजबाबांचा धागा झालाय म्हणून माझंही: मंडईत भेंडीची शेंडी मोडून बघते, जून निघाली तर मोडलेली ठेवून पुढं जाते. आणि "वर कोथिंबीर घाला की" म्हणताना तिच्या पाटीत किती उरली आहे ते कधी बघितलेलं नाही.

धागाकर्ते कुठं गायब झाले?

---

गावभागकर | बुधवार, रात्री १०:३५

इथंच आहे. वखार यांचा प्रतिसाद वाचल्यापासून लिहायला धजत नव्हतो.

काल रात्री आईला विचारलं, पुराच्या वेळी काकांकडं आपलं खातं होतं का? ती भांडी विसळत होती. लगेच म्हणाली, "जुलैचं सगळं आणि ऑगस्टचे चार दिवस." सहा वर्षं झाली, पण तिला आकडा पाठ. ३,४१०. बाबांचा पगार सातला व्हायचा, पाणी त्याआधीच आलं. नंतर काकांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. त्यांचीही वही गेली होती हे तिला ठाऊक होतं. बाबा दोनदा द्यायला निघाले होते म्हणे, एकदा गॅसची शेगडी आली, एकदा माझी फी. मग २०२१ ला परत पाणी, मग बाबाच गेले. त्यानंतर आईनं महिन्याचं सामान मॉलमधून आणायला सुरुवात केली. मी समजत होतो, तिथं स्वस्त पडतं म्हणून.

म्हणजे खराट्याच्या रांगेत बाबा एक शब्द बोलले नाहीत ते का, हे मला आता कळतंय असं वाटतं. किंवा मी उगाच लावतोय. विचारायला ते नाहीत.

आज संध्याकाळी ३,४१० घेऊन गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बिस्किटं चाळत उभा राहिलो. सांगितलं. काका काही बोलले नाहीत. नोटा मोजल्या, दोनदा. पाचशेच्या एका नोटेला तेलाचा डाग होता, ती उजेडात धरून बघितली. मग गल्ल्यातून नवी वही काढली, पाठीमागच्या पानावर पेन्सिलीनं एक यादी होती, नावं आणि पुढं अंदाजे आकडे. बाबांच्या नावापुढं ३,५०० लिहिलं होतं आणि प्रश्नचिन्ह. ते त्यांनी खोडलं. यादीत अजून बरीच नावं होती, त्यातली निम्मी मला ओळखीची. मी नजर दुसरीकडं वळवली.

निघताना म्हणाले, "आणि परवाचे दुधाचे दोन?"

म्हटलं, ते देणार नाही काका, छापील किंमत एकोणतीस आहे.

"बरं," म्हणाले आणि हातावर शेंगदाणे ठेवले. खवट होते.

---

मिरजवाली | बुधवार, रात्री १०:४८

खाल्ले का?

---

गावभागकर | बुधवार, रात्री १०:५०

खाल्ले.